सेंट्रिंगचा धंदा करायचाय? दर सांगण्याआधी स्लॅबखालचे दिवस मोजा



सेंट्रिंगच्या व्यवसायात उतरू पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: प्लेटा किती घ्यायच्या, टेकू किती घ्यायचे आणि पैसे कधी सुटतील? टेकू म्हणजे साइटवर आपण ज्यांना जॅक किंवा बल्ल्या म्हणतो ते. प्रश्न बरोबर आहे. पण या धंद्यात नफा आणि माणसांचे जीव एकाच गोष्टीवर अवलंबून असतात. ती गोष्ट म्हणजे टेकू स्लॅबखाली किती दिवस राहतात. आज आपण ओझर परिसर डोळ्यासमोर ठेवून हे समजून घेऊ.

हे गंभीर का आहे?

२९ जुलै २०१६ ला पुण्यात बालेवाडीत एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्याचा स्लॅब टाकत असतानाच कोसळला. ९ कामगार गेले. ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री येरवड्यात पायाच्या स्लॅबसाठी बांधलेली सळ्यांची जाळी कोसळली. तिथे ५ कामगार गेले. काँक्रीट घट्ट होईपर्यंत स्वतःचं वजन पेलत नाही, सळ्याही आधाराशिवाय उभ्या राहत नाहीत. तोपर्यंत सगळी भिस्त तात्पुरत्या आधारावर असते. आणि तो आधार पुरवणारे तुम्ही असणार आहात.

एका टेकूवर किती वजन येतं?

५ इंची स्लॅबचं वजन चौरस फुटाला सुमारे २९ किलो. म्हणजे १,००० चौरस फुटांच्या घराचा स्लॅब २९ टनांचा! त्यावर माणसं, घमेली, व्हायब्रेटर यांचे चौरस फुटाला १४ किलो धरू. एकूण झाले ४३ किलो.

- टेकू ३ फुटांवर लावले, तर एकावर सुमारे ३९० किलो.
- तेच ४ फुटांवर लावले, तर एकावर सुमारे ६९० किलो.

अंतर फक्त एक फुटाने वाढलं, पण वजन पावणेदोन पटींच्या वर गेलं. "चार टेकू कमी लावले तर काय बिघडतं?" याचं हे उत्तर. हा हिशोब फक्त समजण्यासाठी आहे. प्रत्यक्ष अंतर इंजिनिअरनेच ठरवायचं.

माल ओतण्याआधी काय बघायचं?

- आडवी बांधणी: लांब टेकू चिरडण्याआधी वाकतो. उंची दुप्पट झाली, तर वाकण्याआधी पेललं जाणारं वजन साधारण चौथाईवर येतं. म्हणून उंच टेकू मधोमध दोन्ही दिशांनी पाइपने बांधा आणि तिरपे पाइपही लावा. गोडाऊन आणि पोर्चच्या कामात हे सगळ्यात महत्त्वाचं.
- बूड: काळी माती किंवा ताजा भराव पाणी लागलं की बसतो. टेकू थेट मातीवर नको. खाली जाड, सलग फळी हवी. विटांचे तुकडे रचून उंची जुळवणं बंद.
- पिन: जॅकची मूळ पिनच वापरा. तिच्या जागी सळईचा तुकडा घालू नका.
- ओळंबा: तिरका टेकू कमी वजन पेलतो. प्रत्येक ओळ तपासा.
- माल पसरवणं: एकाच जागी ढीग नको. आणि ओतताना खाली कुणी थांबायचं नाही.

टेकू किती दिवस ठेवायचे?

भारतीय मानक आयएस ४५६ मध्ये किमान दिवस दिले आहेत:

- स्लॅबचा गाळा ४.५ मीटरपर्यंत (सुमारे पावणेपंधरा फूट): ७ दिवस
- त्याहून मोठा: १४ दिवस
- बीम ६ मीटरपर्यंत (सुमारे पावणेवीस फूट): १४ दिवस
- त्याहून लांब बीम: २१ दिवस

आता खरी मेख ऐका. हे दिवस साध्या ओपीसी सिमेंटसाठी आहेत आणि हवा १५ अंशांच्या खाली गेलेली नसेल तरच लागू होतात. आपलं ओझर निफाड तालुक्यात. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा कधी कधी एक आकडी होतो. थंडीत काँक्रीटची ताकद हळू वाढते. त्यात घरकामाला बहुतेक वेळा पीपीसी सिमेंट वापरतात, त्याचीही सुरुवातीची ताकद हळू येते. म्हणजे मे महिन्यातले "सात दिवस" जानेवारीत चालत नाहीत.

आता दर काढू

समजा, तुमच्याकडे १,००० चौरस फुटांचा एक सेट आहे आणि त्याने रोज १,००० रुपये मिळवले पाहिजेत. मजुरी वेगळी. बांधणीला ३ दिवस.

- टेकू ७ दिवस ठेवले: एकूण १० दिवस, १०,००० रुपये, म्हणजे १० रुपये फूट.
- टेकू १४ दिवस ठेवले: एकूण १७ दिवस, १७,००० रुपये, म्हणजे १७ रुपये फूट.

तुम्ही सरसकट १० रुपये दर सांगितला आणि हॉल १६ फुटी निघाला तर? आठव्या दिवसापासून रोज १,००० रुपये खिशातून जाणार. तेवढ्यात पिंपळगावहून दुसऱ्या कामाचा फोन येतो, आणि हात टेकूकडे जातो. हा मोह साइटवर आवरत नाही, तो कोटेशनमध्येच संपवावा लागतो.

म्हणून तीन नियम:

1. आधी नकाशा बघा, सर्वांत मोठा गाळा आणि बीम मोजा, मगच दर सांगा.
2. किमान दिवसांचं भाडं मूळ दरातच धरा. जादा भाडं त्यानंतर सुरू करा. नाहीतर भाडं वाचवायला मालकच "लवकर खोला" म्हणेल.
3. टेकू काढायला इंजिनिअरचा लेखी होकार घ्या. व्हॉट्सॲपवरचा मेसेजही जपून ठेवा.

खोलताना स्लॅबचे टेकू मधून सुरू करून भिंतींकडे या. बाल्कनी आणि छज्जाचे मोकळ्या टोकाकडून आत काढा.

"दुसरा स्वस्तात करतो" असं गिऱ्हाईक म्हणेल. तेव्हा वाद घालू नका. "त्या दरात टेकू किती दिवस राहतील, हे लिहून घ्या," एवढंच सांगा. काही कामं हातची जातील, ती जाऊ द्या. निष्काळजीपणामुळे कुणाचा मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि ज्या घरचा माणूस गेला, त्यांचं नुकसान कुठल्याच दरात भरून निघत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

ओळखीच्या एका साइटवर जा. सर्वांत मोठा गाळा मोजा, सिमेंटच्या गोणीवर काय लिहिलंय ते वाचा आणि टेकू किती दिवस हवेत ते इंजिनिअरला विचारा. मग वहीत तुमचा दर काढा. तो बाजारभावापेक्षा जास्त आला, तर बाजारातला दर किती दिवसांचा आहे ते शोधून काढा.