मुंबईची वस्तुसंग्रहालये : पाहावीत कशी?

मुंबईस प्रथमच येणारा पाहुणा भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, हमखास जातो. वाघ, पेंग्विन पाहून तो परततो. परंतु प्रवेशद्वाराशीच उभ्या असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाची पायरी तो क्वचितच चढतो. ही इमारत 2 मे 1872 रोजी जनतेस खुली झाली. मुंबईतील हे सर्वांत जुने वस्तुसंग्रहालय होय.

या संग्रहाचा जन्म मात्र त्याही आधीचा. 1855 सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनाच्या निमित्ताने जमविलेल्या कच्च्या मालाच्या व कारागिरीच्या नमुन्यांतून तो उभा राहिला आणि कोटातील बराकीत ठेवण्यात आला. 1857 च्या उठावाची वार्ता येताच सैन्यासाठी बराक रिकामी करण्याचा हुकूम सुटला. त्या धांदलीत संग्रहाची मोठी हानी झाली. पुढे नागरिकांनी वर्गणी जमवून नवी इमारत उभारण्याचे मनावर घेतले. त्यात नाना शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी हे अग्रभागी होते. 1862 साली कोनशिला बसली, पण इमारत पुरी होण्यास दहा वर्षे लागली. 1975 साली महानगरपालिकेने संग्रहालयास भाऊ दाजींचे नाव दिले. कालांतराने वास्तूस अवकळा आली होती. 2003 ते 2008 या काळात तिचा जीर्णोद्धार झाला आणि त्या कामास 2005 साली युनेस्कोचा पुरस्कारही लाभला.

आत राजेमहाराजांचे वैभव शोधू नये. येथे आहे ती साधी माणसे : नाना जातींच्या, नाना धंद्यांच्या लोकांच्या मातीच्या लहान लहान प्रतिमा, त्यांची पागोटी, त्यांची अवजारे, शिवाय जुन्या मुंबईचे नकाशे. नकाशापुढे पाच मिनिटे उभे राहिले तर सात बेटांचे एक शहर कसे झाले, हे जितके उमगते तितके पुस्तकाच्या दहा पानांतून उमगत नाही. आवारातील काळ्या पाषाणाचा हत्तीही चुकवू नये. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीस ‘एलिफंटा’ म्हटले. 1864 साली त्यास इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना तो कोसळून फुटला. 1914 साली त्याचे तुकडे जुळविण्यात आले. सांधे आजही दिसतात.

भाऊ दाजी हे मूळचे गोव्यातील मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतील हे डॉक्टर रोग्यांची नाडी पाहून उरलेल्या वेळात शिलालेख वाचीत. लेखांच्या प्रती करून आणण्यासाठी त्यांनी जुनागढच्या एका तरुणास हाताशी धरले. तो तरुण म्हणजेच पुढे पंडित म्हणून कीर्ती पावलेले भगवानलाल इंद्रजी. भाऊ दाजी 1874 साली निवर्तले. त्यानंतर आठ वर्षांनी भगवानलालांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. दगडी पेटीत तांब्याची डबी, तिच्या आत चांदीची, आणि सर्वांत आत सोन्याची. सोबत सोन्याची फुले, यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे व बुद्धाच्या आठ कांस्यमूर्ती. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे.

त्याच वर्षी त्यांना सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या लेखाचा एक तुकडा सापडला. तो पाहण्यासाठी कोटातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे लागते. तुकडा दिसावयास सामान्य. ब्राह्मी अक्षरे मोजकीच. पण त्या लेखाचा विषय काय? पूर्वीचे राजे मृगयेसाठी व करमणुकीसाठी प्रवासास निघत. आपण मात्र वृद्धांना भेटण्यासाठी व खेड्यापाड्यांतील जनांशी बोलण्यासाठी यात्रा करतो, असे राजा त्यात सांगतो. सहलीस निघालेल्या आपणासारख्यांनी हा दगड पाहावाच.

या संग्रहालयाची कोनशिला 1905 साली बसली. जॉर्ज विटेट यांनी आखलेली ही इमारत 1914 साली पुरी झाली. परंतु महायुद्धामुळे तेथे लष्करी रुग्णालय आले व जनतेस दरवाजे उघडले ते 1922 च्या जानेवारीत. घुमट पाहून विजापूरच्या गोलघुमटाची आठवण व्हावी, अशीच योजना आहे. आत घारापुरीची शिल्पे, सिंधमधील मीरपूरखासच्या भाजक्या मातीच्या मूर्ती, लघुचित्रे, टाटा बंधूंनी दिलेले संग्रह, पशुपक्ष्यांचे दालन असा विस्तार आहे. सारे एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरू नये. एकच दालन निवडावे व सावकाश पाहावे.

प्रस्तुत लेखकाने एका शाळेची सहल तेथे पाहिली. मुले रांगेने एका दारातून आत आली आणि वीस मिनिटांत दुसऱ्या दारातून बाहेर पडली. ‘चला, चला’ याखेरीज गुरुजींच्या तोंडून शब्द निघाला नाही. एक मुलगी तेवढी रांग सोडून एका मूर्तीच्या केशरचनेची वहीत आकृती काढीत होती, तर तिलाच दटावणी मिळाली! शिक्षकांनी आधी एकदा स्वतः जाऊन यावे आणि प्रत्येक मुलास एकच वस्तू नेमून द्यावी : तिचे चित्र, ती कशाची, कोठून आली, एवढेच लिहून आणावयाचे. भायखळ्याचे संग्रहालय बुधवारी बंद ठेवण्याची प्रथा आहे. निघण्यापूर्वी वेळेची चौकशी केलेली बरी.

सोपारे आज पालघर जिल्ह्यात आहे. पश्चिम रेल्वेच्या नालासोपारा स्थानकाभोवती इमारतींचे पाये सतत खणले जात आहेत. अशा खोदाईत नाणी, ताम्रपट, मूर्ती निघाल्यास त्या परस्पर विकणे वा वितळविणे हा गुन्हा ठरतो. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जमिनीत सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे बंधनकारक आहे. शोधणाऱ्याच्या हिश्श्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. वस्तू जेथे व ज्या स्थितीत मिळाली ती जागा न हलविता कळविली, तर ती कोणत्या थरात होती व शेजारी काय होते, हे जाणकारांस पाहता येते.