सालीखालचा भुंगेरा आणि दशांशाची बेरीज

दशांश अपूर्णांक शिकवताना "सर, याचा उपयोग काय?" हा प्रश्न येतोच. त्याचं एक छान उत्तर युरोपातल्या आल्प्स पर्वतात सापडतं.

तिथल्या उतारांवर स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडांची जंगलं आहेत. ही जंगलं नुसत्या लाकडासाठी नाहीत. वरचा बर्फ आणि दगड खालच्या गावांवर येऊ नयेत म्हणून ती राखलेली असतात. त्यांचा शत्रू जेमतेम 5 मिलिमीटरचा, तपकिरी भुंगेरा. आधी नर साल पोखरून आत शिरतो आणि गंध सोडून इतरांना बोलावतो. (कापसाच्या पट्ट्यातल्या मुलांना कामगंध सापळा माहीत असतो. तिथे गंधाला फक्त नर पतंग येतात. इथे नर-मादी दोघेही धावतात.) मग सालीखाली अंडी, अळ्या, कोष. अळ्या सालीच्या आतला, अन्न वाहून नेणारा थर खातात आणि झाड मरतं.

आता खरी अडचण बघा. झाड लाल पडलेलं दिसतं, तोवर बहुतेक वेळा भुंगेरे उडून शेजारच्या झाडांत गेलेले असतात. म्हणजे पोखरलेलं झाड पिल्लं बाहेर पडायच्या आत शोधून, तोडून जंगलाबाहेर न्यायला हवं. खोडाशी पडलेला तपकिरी भुसा शोधत फिरायचं, पण कुठल्या आठवड्यात? डोळ्यांना जे उशिरा कळतं, ते इथे बेरीज आधी सांगते.

कीटकाचं शरीर बाहेरच्या उष्णतेवर वाढतं. या भुंगेऱ्याची वाढ 8.3 अंश सेल्सिअसच्या खाली थांबते. म्हणून रोजच्या तापमानातून 8.3 वजा करायचे आणि उरलेले अंश साठवत जायचे, अगदी गल्ल्यात पैसे टाकावेत तसे. या साठ्याला 'अंश-दिवस' म्हणतात. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी 2007 मध्ये मांडलेल्या 'फेनिप्स' या प्रारूपात 1 एप्रिलपासून मोजणी सुरू होते. दिवसाच्या कमाल तापमानावरून केलेली बेरीज 140 च्या आसपास गेली आणि हवा 16.5 अंशांपेक्षा गरम असली, की वसंतातला हल्ला सुरू होतो असं धरतात. पुढे अंड्यापासून पूर्ण तयार भुंगेऱ्यापर्यंत 557 अंश-दिवस लागतात. मात्र इथे हवेचं नाही, सालीचं तापमान धरायचं. उन्हाकडे तोंड असलेल्या उतारावर ते जास्त असतं.

मुलांना फळ्यावर करायला द्या. सालीचं सरासरी तापमान 18.3 असेल तर रोज 10 जमा, म्हणजे 56 दिवस. तेच 20.3 झालं तर रोज 12 जमा, म्हणजे 47 दिवस. दोनच अंश वाढले आणि नऊ दिवस वाचले! ऑगस्टमध्ये दिवस साडेचौदा तासांहून लहान झाला की नवे भुंगेरे सहसा प्रजनन थांबवतात. त्याआधी किती पिढ्या बसतात, यावर सगळं अवलंबून. उंच, थंड खोऱ्यात एखादीच बसते. खाली दोन, आणि फार गरम वर्षी तीनसुद्धा.

हुशार मुलगी इथे विचारेल, मग दर उन्हाळ्यात जंगल का मरत नाही? कारण धडधाकट झाड राळ सोडून भुंगेऱ्याला बुडवतं. दुष्काळात राळ आटते आणि वादळात पडलेल्या झाडाला प्रतिकारच करता येत नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये 'वाया' वादळाने इटलीच्या ईशान्य आल्प्समध्ये लाखो झाडं आडवी केली. त्या पडझडीत भुंगेरे वाढले आणि पुढच्या काही वर्षांत उभ्या झाडांवर तुटून पडले. म्हणून अंश-दिवस 'कधी' ते सांगतात. 'किती' ते ठरवायला वादळाची, पावसाची आणि गेल्या वर्षी मेलेल्या झाडांची नोंद लागते, आणि हे दुसरं भाकीत पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

वर्गासाठी आणखी एक गणित: सालीचं तापमान 22.3 असेल तर एक पिढी किती दिवसांत? उत्तर 40 दिवस. मात्र भागाकार 39.79 येतो. मुलांनी 39 लिहिलं तर गल्ल्यात 546 च जमा होतात, 11 कमी पडतात!