खोल समुद्रातील अनेक दिवसांची मासेमारी सफर : पूर्वतयारीचा एक पाठ

जळगाव जिल्ह्यातील पहूर हे गाव वाघूर नदीच्या काठी वसले आहे. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घेऊन उत्तरेकडे येते व पुढे तापीला मिळते. तापी सुरतजवळ अरबी समुद्रात विलीन होते. म्हणजे पहूरच्या शिवारातून वाहून जाणारे पावसाळी पाणी अखेर समुद्रालाच जाऊन मिळते. असे असूनही खानदेशातील सर्वसामान्य माणसाचा समुद्राशी संबंध पाठ्यपुस्तकातील नकाशापुरता किंवा कोकणातील सहलीपुरताच राहिला आहे.

आता ही परिस्थिती बदलत आहे. रस्ते सुधारले, सुटीत समुद्रकिनारी जाण्याची प्रथा वाढली आणि मित्रमंडळींनी मिळून नौका ठरवावी, एखाद-दुसरी रात्र समुद्रावर काढावी, गळाने मासे धरावेत, अशी हौस तरुणांत दिसू लागली आहे. हौस चांगली आहे. मात्र समुद्रावरील एका दिवसाची फेरी आणि अनेक दिवसांची सफर या दोन गोष्टी केवळ दिवसांच्या संख्येने भिन्न नाहीत. एका दिवसाच्या फेरीत उणीव राहिली तर संध्याकाळी किनाऱ्यावर ती भरून काढता येते. अनेक दिवसांच्या सफरीत परतीची तयारी धक्का सोडण्यापूर्वीच पूर्ण झालेली असावी लागते. हे तत्त्व व्यावसायिक मच्छीमारांनी अनुभवाने आत्मसात केले आहे. हौशी मंडळींनी ते शिकून घेणे आवश्यक आहे.

आपल्या किनाऱ्यावरील व्यवसाय

शिडाच्या होड्यांच्या काळात बहुतेक मासेमारी भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून किनाऱ्यालगत चालत असे. नौकांना यंत्रे बसविण्यात आली, बर्फाचे कारखाने बंदरांजवळ उभे राहिले आणि नौका अधिक दूर व अधिक काळ जाऊ लागल्या. आज मुंबईच्या ससून डॉकमधून किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून निघणारा यांत्रिक ट्रॉलर आठवडाभर, प्रसंगी त्याहूनही अधिक दिवस समुद्रावर राहतो.

अशा नौकेवर प्रत्येकाचे काम ठरलेले असते. तांडेल हा नौकेचा प्रमुख. दिशा, जाळे टाकण्याची जागा व परतण्याची वेळ तो ठरवितो. यंत्राची जबाबदारी ड्रायव्हरवर असते. खलाशी जाळे ओढतात, मासळी निवडतात व बर्फात रचतात. स्वयंपाकासाठीही माणूस नेमलेला असतो. या खलाशांत समुद्र कधीही न पाहिलेल्या प्रदेशांतून, अगदी नेपाळमधून आलेली माणसेही असतात, हे विशेष उल्लेखनीय आहे. समुद्रकाठी जन्म न झालेला माणूस समुद्रावर काम करू शकतो. परंतु त्याला शिकवावे लागते आणि त्याच्यावर कोणाचा तरी अधिकार चालावा लागतो.

परदेशातील 'पार्टी बोट'

हौशी लोकांसाठी अनेक दिवसांच्या मासेमारी सफरी हा अमेरिकेत एक सुस्थिर व्यवसाय आहे. ठरावीक शुल्क भरून अनेकांना एकत्र घेऊन जाणाऱ्या नौकेस तेथे 'पार्टी बोट' म्हणतात. येथे 'पार्टी' म्हणजे मेजवानी नव्हे, तर मंडळी. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो बंदरातून निघणाऱ्या अशा नौका दीड दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत, मेक्सिकोच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात ट्यूना मासा धरण्यासाठी जातात. निघताना बंदरातच जिवंत लहान मासे आमिष म्हणून टाक्यांत भरून घेतले जातात. धरलेला मासा वर येताच त्याला त्या प्रवाशाच्या क्रमांकाची खूण लावली जाते व तो थंड केलेल्या समुद्रजलाच्या कप्प्यात ठेवला जातो. त्यामुळे शेवटच्या दिवशी 'हा मासा कोणाचा' असा वाद उद्भवत नाही.

या व्यवस्थेतील दोन गोष्टी आपणांस बोधप्रद आहेत. पहिली गोष्ट मर्यादेची. मेक्सिकोच्या आखातातील अमेरिकी नियमांनुसार प्रत्येकाने एका दिवसात किती मासे ठेवावेत हे ठरलेले असते. सफर ठरावीक तासांहून लांब असेल, तर दोन दिवसांच्या मर्यादेइतके मासे बाळगता येतात. मात्र त्यासाठी नौकेवर दोन परवानाधारक चालक असावे लागतात आणि सफर किती वेळाची आहे हे दर्शविणारी पावती प्रत्येक प्रवाशाजवळ असावी लागते. चालक दोन का, याचे उत्तर सोपे आहे : एक झोपला असता दुसरा जागा हवा.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. २ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ नांगरलेल्या 'कन्सेप्शन' नावाच्या नौकेस आग लागली. ती हौशी पाणबुड्यांना घेऊन निघालेली, अनेक दिवसांच्या सफरीवरील नौका होती. प्रवासी खालच्या मजल्यावर झोपलेले होते. ३४ जण मृत्युमुखी पडले. रात्री फिरता पहारा ठेवण्यात आला नव्हता, ही मोठी उणीव चौकशीत स्पष्ट झाली. ज्या देशात नियम काटेकोर आहेत, तेथेही एक माणूस जागा न ठेवल्याने हे घडले. रात्रीचा पहारा ही समुद्रावरील पहिली गरज आहे, हा धडा कोणत्याही देशाच्या नौकेस लागू आहे.

बर्फाचा हिशेब

अनेक दिवसांच्या मासेमारीत मासळी टिकविणे हा मुख्य प्रश्न असतो. येथे विज्ञानाच्या शिक्षकांना वर्गात सहज मांडता येईल असे एक उदाहरण आहे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. २८ अंश सेल्सिअस तापमानाची एक किलो मासळी शून्य अंशापर्यंत थंड करण्यास साधारणतः २४ ते २५ किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. म्हणजे केवळ थंड करण्यासाठी सुमारे ३०० ग्रॅम बर्फ पुरतो. मग अनुभवी खलाशी मासळीच्या वजनाइतका बर्फ का घेतात? कारण उरलेला बर्फ मासळी थंड करण्यात खर्च होत नाही. कप्प्याच्या भिंतींतून आत येणाऱ्या उष्णतेला तोंड देण्यात तो दिवसेंदिवस वितळत राहतो. सफरीचे दिवस वाढले की मासळी तेवढीच असली तरी बर्फ अधिक लागतो.

यातून पुढचा निष्कर्ष निघतो. पहिल्या दिवशी पकडलेली मासळी किनाऱ्यावर येईपर्यंत सर्वांत जुनी झालेली असते. म्हणून बर्फ संपत आला की मासे मिळत असले तरी परतावे, असा व्यवहार जाणते तांडेल पाळतात. हौशी मंडळींनीही हाच नियम ठेवावा. जेवढे खाता येईल व टिकविता येईल तेवढेच ठेवावे, उरलेले जिवंत असतानाच पाण्यात सोडावे.

परतीचे अंतर आणि हवामानाची वार्ता

एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. किनाऱ्यापासून ६० सागरी मैल दूर असलेली नौका सुमारे १११ किलोमीटरवर असते. तासाला आठ सागरी मैल वेगाने परतावयाचे म्हटले तर शांत समुद्रातही साडेसात तास लागतात. वारा व लाटा विरुद्ध असतील तर हा काळ वाढतो. म्हणून इंधनाचे तीन समान भाग कल्पावेत : एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक राखीव, असा नाविकांचा जुना संकेत आहे.

दळणवळणाचेही तसेच. किनाऱ्यापासून काही मैलांनंतर मोबाईल निरुपयोगी होतो. नौकेवरील बिनतारी संचाच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल असल्यामुळे त्यांचा पल्ला मर्यादित राहतो. सोळा क्रमांकाच्या वाहिनीवर संकटाची हाक देता येते, पण ती ऐकण्याच्या टप्प्यात कोणी असावे लागते.

या मर्यादेचे भीषण रूप नोव्हेंबर-डिसेंबर २०१७ मधील 'ओखी' चक्रीवादळात दिसून आले. कन्याकुमारी व केरळच्या दक्षिण किनाऱ्यावरील अनेक नौका दीर्घ सफरीसाठी आधीच समुद्रात गेल्या होत्या. किनाऱ्यावर इशारा देण्यात आला. परंतु दूर गेलेल्या नौकांपर्यंत तो पोहोचविण्याचे साधन नव्हते. कित्येक मच्छीमार परत आले नाहीत. वादळ पुढे उत्तरेकडे वळले. त्या सुमारास केरळच्या ६६ व तामिळनाडूच्या दोन, अशा ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर आल्या. देवगड बंदराने त्यांना आसरा दिला. पुढे हे वादळ सुरतच्या दिशेने सरकून, म्हणजे तापी जेथे समुद्राला मिळते त्याच भागाकडे येऊन, क्षीण झाले.

या आपत्तीनंतर उपग्रहाद्वारे इशारे पोहोचविण्याच्या प्रयत्नांस गती मिळाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'जेमिनी' हे उपकरण सादर करण्यात आले. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून मिळणारे हवामानाचे व मासेमारीच्या जागांचे संदेश ते खोल समुद्रातही घेऊ शकते. मात्र ते संदेश घेते. नौकेकडून उत्तर पाठवू शकत नाही. संकटाची हाक देण्यासाठी वेगळे उपकरण लागते. साधनाची मर्यादा जाणणे हादेखील तयारीचाच भाग आहे.

नियम कशासाठी

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा असून २०२१ मध्ये त्यात महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद ठेवावी लागते. हा काळ खवळलेल्या समुद्राचा आणि अनेक जातींच्या प्रजननाचा असतो. नारळी पौर्णिमेपर्यंत नौका किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची कोळी बांधवांची परंपरा कायद्यापूर्वीची आहे.

२०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्य मासा घोषित केले. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी निश्चित करण्यात आली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. एकदाही अंडी न घातलेला मासा धरणे हे बियाण्याचे धान्य दळून खाण्यासारखे आहे, असे शेतकऱ्यास सांगितले तर त्याला अधिक स्पष्टीकरणाची गरज भासणार नाही.

आणखी एक बाब विसरता कामा नये. मासेमारी नौकेचा परवाना म्हणजे प्रवासी वाहतुकीचा परवाना नव्हे. ओळखीच्या मच्छीमाराने आग्रहाने बोलावले, तरी त्याच्या कामाच्या नौकेवर दहा-बारा हौशी माणसे चढणे हे त्यांच्या व त्याच्याही हिताचे नाही. प्रवासी नेण्यास अधिकृत असलेली, प्रवासीसंख्या नमूद केलेली व प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट असलेली नौकाच निवडावी.

ग्रामपंचायत व शाळा यांचे कार्य

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावाने या बाबतीत काय करावे, असा प्रश्न विचारला जाईल. उत्तर साधे आहे. सफरीस जाणाऱ्या मंडळींनी एका कागदावर पुढील गोष्टी लिहून गावातील जबाबदार व्यक्तीकडे ठेवाव्यात : सर्वांची नावे, नौकेचे नाव व नोंदणी क्रमांक, निघण्याचे बंदर, परतीचा दिवस व वेळ, आणि कोणत्या वेळेनंतर चौकशी सुरू करावी. तटरक्षक दलाचा १५५४ हा मदत क्रमांकही त्यावर असावा. परतीची वेळ टळून गेल्यावर 'येतील उद्या' असे म्हणत थांबणारे घर आणि ठरल्या वेळी दूरध्वनी करणारे घर, यांतील फरक कधी कधी प्राणांइतका मोठा ठरतो.

शाळांनी हा विषय गणित, विज्ञान व भूगोल या तिन्ही तासांत घ्यावा. दहा माणसे, चार दिवस, प्रत्येकी दररोज पाच लिटर पाणी, तर किती पाणी न्यावे? दोनशे लिटर. परतीस दोन दिवस उशीर झाला तर? आणखी शंभर. असे प्रश्न मुलांना सोडवायला दिले तर उत्तराबरोबर सावधगिरीही त्यांच्या अंगी येईल.

आणि हा पाठ केवळ समुद्रापुरता नाही. वाघूर, हतनूर, गिरणा या जलाशयांवर भोई बांधव व मच्छीमार सहकारी संस्थांचे सभासद नित्य पाण्यावर असतात. वाऱ्याचा झोत जलाशयावरही होडी उलटवितो. तेथेही जीवरक्षक जाकीट, होडीत बसणाऱ्यांची ठरलेली संख्या आणि काठावर वेळ पाहणारा माणूस, या तीन गोष्टींची गरज तेवढीच आहे. येत्या ग्रामसभेत या तीन बाबींचा ठराव घेऊन त्याची अंमलबजावणी जवळच्या जलाशयापासूनच सुरू करता येईल. त्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.