बाबासाहेबांचे वीजविषयक प्रश्न आणि वीजक्षेत्राची पुनर्रचना

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कार्याचे स्मरण करताना महाडचा सत्याग्रह, भारताची राज्यघटना आणि नागपूरची धम्मदीक्षा या गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर प्रथम उभ्या राहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी जे काम केले, त्याकडे आपल्याच समाजाचे काहीसे दुर्लक्ष झाले आहे. मजूर खाते म्हटले की कामगारांचे कायदे एवढेच आपल्याला आठवते. वस्तुतः त्या काळी पाटबंधारे आणि वीज हे विषयही याच खात्याकडे होते. युद्धानंतरच्या भारतात वीज कशी निर्माण करावी आणि तिचा कारभार कोणी पाहावा, याचा शासकीय पातळीवरील विचार बाबासाहेबांच्या देखरेखीखाली सुरू झाला.

दि. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी नवी दिल्ली येथे सार्वजनिक बांधकाम व विद्युतशक्ती या विषयांच्या धोरण समितीपुढे बाबासाहेबांनी भाषण केले. विद्यार्थी मित्रांनी ते मुळातून अवश्य वाचावे. वीज खाजगी मालकीची असावी की सरकारच्या, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. खाजगी असेल तर लोकहिताला बाधा येऊ नये म्हणून कोणत्या अटी घालाव्या लागतील, हेही त्यांनी लगेच विचारले. दुसरा प्रश्न असा की, विजेच्या विकासाची जबाबदारी केंद्राची की प्रांतांची; आणि प्रांतांची असेल तर त्यांच्यात मेळ घालणारे एखादे आंतरप्रांतीय मंडळ लागेल काय? या सर्व प्रश्नांच्या मुळाशी एकच कसोटी होती. वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी.

परंतु बाबासाहेब तेथेच थांबले नाहीत. स्वस्त आणि मुबलक वीज हवी तरी कशासाठी, हेही त्यांनी स्पष्ट केले. विजेवाचून औद्योगिकीकरण नाही, आणि औद्योगिकीकरणावाचून दारिद्र्याच्या फेऱ्यातून जनतेची सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. हा विचार त्यांना त्या दिवशी अचानक सुचलेला नव्हता. १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधातच त्यांनी सांगितले होते की, जमिनीवर भार टाकून बसलेल्या जास्तीच्या माणसांना दुसरे काम मिळाल्याशिवाय शेतीचा प्रश्न सुटणार नाही. ज्याच्याकडे जमीनच नाही अशा माणसाला गावकीच्या कामातून सोडवणारा कारखाना विजेवर चालतो, हा दुवा फार थोड्यांच्या लक्षात येतो. विजेच्या धोरणाची सुरुवात त्यांनी माणसापासून केली, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

आता थोडे तांत्रिक. प्रस्तुत लेखक अभियंता नाही, त्यामुळे साध्या भाषेतच सांगतो. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. एक मेगावॅट क्षमतेचा संच तासभर पूर्ण चालला तर एक हजार युनिट तयार होतात. धान्य कणगीत साठवता येते, तशी वीज मोठ्या प्रमाणावर स्वस्तात साठवता येत नाही. ज्या क्षणी मागणी, त्या क्षणीच निर्मिती करावी लागते. म्हणून वर्षाची एकूण गरज मोजून भागत नाही, तर सर्वांत जास्त मागणीच्या त्या एका घटकेची तयारी ठेवावी लागते. औष्णिक केंद्र उभारायला चार-पाच वर्षे लागतात, मोठ्या जलविद्युत प्रकल्पाला त्याहून अधिक. याचा अर्थ, आजचे भारनियमन हे पाच-सात वर्षांपूर्वी न केलेल्या नियोजनाचे फळ असते. मागणीचा असा अंदाज बांधण्याचे काम केंद्रीय विद्युत प्राधिकरण करते.

बाबासाहेबांच्या कारकीर्दीतच १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ आणि १९४५ मध्ये जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन यांचा केंद्रीय आयोग स्थापन झाला. दामोदर खोऱ्याच्या योजनेची बोलणीही त्याच काळातली. पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार करणारे दामोदर खोरे महामंडळ १९४८ मध्ये अस्तित्वात आले. त्याच वर्षी विद्युत (पुरवठा) कायदा झाला. तेव्हा केंद्रात काकासाहेब गाडगीळ वीजमंत्री होते. तोपर्यंत वीज म्हणजे १९१० च्या कायद्याखाली परवाने घेतलेल्या कंपन्यांचा शहरी व्यवसाय होता. टाटांची खोपोलीची वीज १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना मिळाली, पण घाटावरची खेडी अंधारातच राहिली. स्वातंत्र्याच्या वेळी सबंध देशाची क्षमता अवघी १,३६२ मेगावॅट होती. १९४८ च्या कायद्याने राज्य विद्युत मंडळांचा मार्ग खुला केला आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. घटनेच्या सातव्या अनुसूचीत वीज समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य दोघांच्या कक्षेत, राहिली.

मंडळांनी कोयनेसारखे प्रकल्प चालविले, खांब रोवले, तारा ओढल्या. हे कार्य लहान नव्हे. मात्र ‘गावात वीज आली’ या वाक्याचा सरकारी अर्थ काय होता, तो आपल्या वाचकांनी नीट समजून घेण्यासारखा आहे. १९९७ पर्यंतची व्याख्या अशी होती की, गावाच्या महसुली हद्दीत कोठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असेल तर ते गाव विद्युतीकृत समजावे. म्हणजे शिवारातल्या एका मळ्यात पंप सुरू झाला की सारे गाव उजळल्याची नोंद! १९९७ मध्ये ‘वस्तीच्या भागात’ अशी दुरुस्ती झाली. पुढे २००४ मध्ये नवी व्याख्या आली. तीनुसार किमान दहा टक्के घरांत वीज हवी, शाळा, पंचायत कार्यालय, दवाखाना अशा ठिकाणी ती हवी, आणि रोहित्र व वाहिन्या गावठाणाप्रमाणेच दलित वस्तीतही, जेथे अशी वस्ती असेल तेथे, पोहोचलेल्या हव्यात. स्वातंत्र्यानंतर सत्तावन्न वर्षांनी आपल्या वस्तीचा उल्लेख विजेच्या व्याख्येत आला. गावाच्या विहिरीबद्दल जे आपण आजोबांकडून ऐकले, तेच विजेच्या खांबाबद्दल घडत होते. फरक एवढाच की, येथे कोणी अडवत नव्हते. हिशेबाची पद्धतच अशी होती की वस्ती मोजली जात नव्हती.

नंतर योजना झाल्या. १९८८-८९ ची कुटीर ज्योती एका दिव्यापुरती होती. २००५ ची राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आणि २०१७ ची सौभाग्य योजना यांनी घरांपर्यंत जोडण्या नेल्या. महावितरणने २०२१ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांसाठी बाबासाहेबांच्या नावाने जीवन प्रकाश योजना आणली. जोडणी मिळणे आणि दरमहा बिल भरता येणे यांतले अंतर मात्र कोणत्याही योजनेने पुरते मिटविलेले नाही.

मंडळे डबघाईला का आली, हे बँकेतील माणसाला चटकन कळते. कायद्याने त्यांना मालमत्तेवर किमान तीन टक्के शिल्लक दाखवावी लागे, आणि बहुतेक मंडळे ती केवळ सरकारी अनुदान कागदावर धरून दाखवीत. शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठोक आकारणी सुरू झाली. त्यामुळे किती वीज शेतात गेली आणि किती चोरीला गेली, हे सांगता येईनासे झाले. गळती पंपांच्या नावावर टाकणे सोपे होते. आपल्या राज्यात नियामक आयोगापुढे पहिली दरसुनावणी झाली तेव्हा मंडळ वर्षानुवर्षे सांगत आलेले गळतीचे आकडे टिकले नाहीत. खरी गळती बरीच अधिक निघाली. बदनामी झाली शेतकऱ्याची आणि त्यातही लहान शेतकऱ्याची, ज्याच्याकडे पंपच नव्हता! देशभरातील मंडळांची केंद्रीय कंपन्यांकडील थकबाकी २००१ पर्यंत सुमारे ४१ हजार कोटींवर गेली आणि राज्यांनी रोखे काढून ती निस्तरली. २०१५ मध्ये ‘उदय’ योजनेखाली वितरण कंपन्यांच्या कर्जाचा पंचाहत्तर टक्के भार पुन्हा राज्यांनी घ्यावा असे ठरले. एखाद्या छोट्या खातेदाराचे कर्ज असे दोनदा कोणी आपल्या अंगावर घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

१९९१ मध्ये निर्मिती खाजगी व परदेशी भांडवलाला खुली झाली. त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण आपल्याच कोकणातले, दाभोळचे. एन्रॉनशी १९९२ मध्ये प्राथमिक करार, १९९३ मध्ये वीजखरेदी करार, १९९५ मध्ये प्रकल्प रद्द, मग फेरवाटाघाटी, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू आणि २००१ मध्ये बंद, असा तो प्रवास आहे. यातले मर्म दोन भागांच्या दरात होते. वीज घ्या वा न घ्या, क्षमतेचे ठरलेले पैसे द्यायचेच. शिवाय घेतलेल्या विजेचे इंधन वेगळे. समजा, आपण तीन हजार रुपये भाड्याने दुकान घेतले. तीनशे वस्तू विकल्या तर एका वस्तूवर दहा रुपये भाडे पडते, शंभरच विकल्या तर तीस. मंडळाने महाग म्हणून वीज कमी घेतली, तसा उरलेला युनिट आणखी महाग होत गेला. त्यात डॉलर आणि आयात इंधन यांच्या चढउताराचा भारही ग्राहकाकडेच होता. खाजगी मालकी असेल तर कोणत्या अटी घालाव्यात, हा १९४३ चा प्रश्न कोणी करारावर सही करण्यापूर्वी पुढे ठेवला असता तर!

दुसरीकडे ओडिशाने जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९६ मध्ये मंडळाचे विभाजन केले आणि १९९९ मध्ये वितरण खाजगी कंपन्यांना दिले. त्यांपैकी एक परदेशी कंपनी २००१ मध्येच निघून गेली आणि उरलेल्यांचे परवाने २०१५ मध्ये रद्द झाले. तरीही देशाने साधारण तीच वाट धरली. १९९८ च्या कायद्याने नियामक आयोग आले, तर २००३ च्या विद्युत कायद्याने निर्मितीचा परवाना रद्द केला आणि मंडळांची फोड ठरविली. आपले मंडळ ६ जून २००५ पासून महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि एक सूत्रधारी कंपनी असे विभागले गेले. या कंपन्या आजही शासनाच्याच आहेत.

बाबासाहेबांच्या आंतरप्रांतीय मेळाच्या प्रश्नाला मात्र चांगले उत्तर मिळाले. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्वेकडील जाळे कोसळून कोट्यवधी लोक अंधारात गेले, त्या धड्यानंतर शिस्त वाढली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिण भारत जोडला गेला आणि देशाचे जाळे एक झाले. मे २०२४ मध्ये देशाची सर्वोच्च मागणी अडीच लाख मेगावॅटपर्यंत गेली, ती या जाळ्यामुळेच पेलता आली.

नोकरीचा मुद्दा टाळून चालणार नाही. तारतंत्री, यंत्रचालक, कनिष्ठ अभियंता या पदांनी आयटीआय आणि पदविका घेतलेल्या आपल्या अनेक मुलांना स्थैर्य दिले. शासकीय कंपन्यांत आरक्षण लागू आहे. खाजगी परवानाधारकाला किंवा कंत्राटदाराला ते लागू नाही. जानेवारी २०२३ मध्ये राज्यातील वीज कर्मचाऱ्यांनी खाजगी समांतर परवान्याच्या विरोधात संप केला, तेव्हा वर्तमानपत्रांत ग्राहकांच्या गैरसोयीची चर्चा पुष्कळ झाली, या मुद्द्याची फार थोडी. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे बाबासाहेबांनी मांडले. त्यामागे केवळ अर्थशास्त्र नव्हते.

आपल्या सभासदांना व्यवहारात उपयोगी पडतील अशी काही कलमे सांगतो. २००३ च्या कायद्याच्या कलम ४३ मध्ये वीजजोडणी मागण्याचा अधिकार मालकाप्रमाणेच भोगवटादारालाही आहे. जागेचा सातबारा नावावर नाही एवढ्यावरून माघारी फिरू नये. कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस आवश्यक आहे. कलम ६५ प्रमाणे शासनाला एखाद्या वर्गाला सवलत द्यायची असेल तर त्याची रक्कम कंपनीला आगाऊ द्यावी लागते. आणि कलम ६४ प्रमाणे दर ठरविण्यापूर्वी आयोगाला जनतेच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात. या सुनावण्यांची सूचना वर्तमानपत्रांत येते. तेथे उद्योजकांच्या संघटना तयारीने येतात. आपल्या संस्थांची हजेरी तुरळक असते.

पुढील सुनावणीसाठी एक विषय आताच हाती घेण्यासारखा आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार स्मार्ट मीटर बसलेल्या ग्राहकांना वेळेनुसार दर लावायचे आहेत. सूर्यप्रकाशाच्या तासांत वीज किमान वीस टक्के स्वस्त आणि सर्वाधिक मागणीच्या वेळी महाग. सौरऊर्जा दिवसा मुबलक असते, त्यामुळे हा हिशेब नियोजनाच्या दृष्टीने बिनचूक आहे. पण नवरा बिगारी कामावर, बायको चार घरची धुणीभांडी करायला आणि मुले शाळेत, अशा घराला स्वस्त विजेच्या त्या सगळ्या तासांत कुलूप असते. त्यांचा दिवा, पंखा आणि मुलांचा अभ्यास संध्याकाळी सात वाजता सुरू होतो. कमी वापराच्या घरांना संध्याकाळच्या वाढीव दरातून वगळावे, ही मागणी आकडेवारीसह आयोगापुढे मांडता येते. वस्तीतील पन्नास घरांची बारा महिन्यांची बिले गोळा करून तक्ता करणे हे काम आपल्या विद्यार्थ्यांना सुटीत सहज जमण्यासारखे आहे.