डबा खाल्ला, खेळायला पळाला आणि अंगावर पित्त उठलं : असं का होतं?



'जेवल्या जेवल्या पळू नका, पोटात दुखेल' हे आपण मुलांना रोजच सांगतो. ते पोटदुखीचं दुखणं साधं असतं, थोडं बसलं की थांबतं. आजचा विषय त्याहून वेगळा आहे. क्वचित आढळणारा, पण मैदानावर उभ्या असलेल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत असावा असा.

काही जणांना एखादा पदार्थ नुसता खाल्ला तर काहीच होत नाही. उपाशीपोटी पळलं तरी काही होत नाही. पण तो पदार्थ खाऊन दोन-चार तासांच्या आत पळापळ झाली की अंगाला खाज सुटते, गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, धाप लागते, कधी रक्तदाब घसरून माणूस कोसळतो. 1979 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका लांब पल्ल्याच्या धावपटूची अशी हकिगत प्रसिद्ध केली. त्याच्या बाबतीत कारण होतं कवचाचे मासे, म्हणजे आपल्या कोळंबी-खेकड्यासारखे. पुढे लक्षात आलं की गहू हे यातलं फार मोठं कारण आहे. गहू म्हणजे चपाती, बिस्किट, पाव, शिरा. आपल्या मुलांच्या डब्यात दुसरं असतं काय?

आता आत काय घडतं ते पाहू. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात, चांगल्या शिंपलेल्या भिंतीसारख्या. पचून बारीक झालेलं अन्न पेशींमधून रक्तात जातं, मोठे तुकडे बहुतेक बाहेरच राहतात. पण जोरात खेळताना शरीर रक्त स्नायूंकडे आणि अंग थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे वळवतं. आतड्याचा रक्तपुरवठा निम्म्याहूनही कमी होऊ शकतो. त्यात अंगातली उष्णता वाढलेली. मग पेशींमधले सांधे थोडे सैल पडतात आणि प्रथिनांचे अर्धवट पचलेले तुकडे त्या फटींतून रक्तात शिरतात. गव्हातलं ग्लायडिन तर मुळातच पचायला चिवट. निरोगी मुलाला याने काही त्रास होत नाही. मात्र ज्याच्या शरीरात त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं आधीच तयार आहेत, त्याच्या पेशी हिस्टामिन सोडतात आणि सगळा गोंधळ सुरू होतो.

हा नुसता अंदाज नाही. जपानी संशोधकांनी 2005 साली दाखवलं की अशा रुग्णांनी गहू खाऊन व्यायाम केला की त्यांच्या रक्तातलं ग्लायडिन वाढतं. ॲस्पिरिन घेतल्यावरही तेच दिसलं. (म्हणून सामन्याआधी अंगदुखीची गोळी मनाने देऊ नये.) अर्थात आतडं हे एकच कारण नसावं, असंही अभ्यासक मानतात.

प्रमाण किती? जपानच्या योकोहामा शहरात माध्यमिक शाळेतल्या 76,229 मुलांची माहिती घेतली, त्यात 13 जणांना हा त्रास निघाला. म्हणजे साधारण सहा हजारांत एक. एका शाळेत कदाचित कधीच दिसणार नाही, तालुक्यात मात्र असू शकेल.

खरी अडचण ओळखण्याची आहे. मधल्या सुट्टीनंतर शा.शि.चा तास, मूल खो-खो खेळताना बसतं, आपण म्हणतो 'ऊन लागलं'. घरी आमसुलाचं पाणी लावलं जातं. दुसऱ्या दिवशी तीच चपाती खाऊनही काही होत नाही, त्यामुळे अन्नावर कुणाचा संशयच जात नाही. गव्हाची नेहमीची ॲलर्जी चाचणीही कधी कधी काही दाखवत नाही, ओमेगा-5 ग्लायडिनची वेगळी रक्ततपासणी लागते. म्हणून खेळताना गांधी उठल्या तर वहीत तीन गोष्टी लिहून ठेवा : काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, खेळ किती वेळाने सुरू झाला. डॉक्टरांना हीच टिपणं सर्वांत उपयोगी पडतात. गहू किंवा खेळ कायमचा बंद करण्याचा निर्णय आपण घेऊ नये. पुष्कळदा खाणं आणि खेळ यांत काही तासांचं अंतर ठेवूनही भागतं, पण ते किती हे डॉक्टरच ठरवतील.

आणि त्या क्षणी काय करायचं? खेळ लगेच थांबवा. मुलाला आडवं करून पाय उंचावर ठेवा, धाप लागली असेल तर टेकून बसू द्या. उठवून चालवत वर्गात नेऊ नका. श्वासाला त्रास, आवाज बसणं, चक्कर किंवा वारंवार उलट्या दिसल्या तर 108 ला फोन करा. तिथे मांडीत दिलं जाणारं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपचार असतो, खाजेच्या गोळीची वाट पाहत थांबायचं नाही. बरं वाटलं तरी त्या दिवशी मुलाला पुन्हा मैदानावर सोडू नका, आणि एकट्याने घरी तर मुळीच पाठवू नका.