किल्ली सगळ्यात शेवटी

बाळा, धारच्या वाड्यातली अँबेसेडर उठवून मोहनखेड्याला जायचं तुझ्या मनात आहे, असं तुझ्या आईकडून कळलं. जा की! उत्तरपाड्याचा कारखाना 2014 साली बंद पडला, गाड्या अजून पडलेल्या नाहीत. बॉनेटखाली जुनं 1489 सीसीचं इंजिन असेल तर खालचं सगळं लागू. आपल्याच जिल्ह्यातल्या पिथमपूरचं इसुझू निघालं तर आधी मला फोन कर.

1. किल्ली आईकडे देऊन टाक — खिशात असली की हात जातोच, आणि सिलिंडर कोरडे असताना स्टार्टर मारला तर रिंगा आतून ओरखडे काढतात.

2. एअर क्लीनर उघड, सायलेन्सरच्या तोंडात बॅटरी मारून बघ, वायरी बोटांनी चाचप — उंदीर भाडं देत नाही, वर वायरिंग खातो. शेजारी गव्हाची कोठी असेल तर दोनदा बघ.

3. डिपस्टिकवर ताकासारखं पांढुरकं ऑइल दिसलं तर तिथेच थांब — आत पाणी शिरलंय. काळं असलं तरी ठेवू नकोस, ऑइल आणि फिल्टर दोन्ही नवे.

4. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून काढ, वायरींवर नंबर चिकटव, मग चारही प्लग काढ — धूळ आत गेली की बाहेर येत नाही, आणि 1-3-4-2 हा क्रम ऐन वेळी हमखास विसरतो. प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोड आणि दोन रात्री गाडीकडे फिरकू नकोस. भिजेल ते सुटेल, ओढशील ते तुटेल.

5. मग हँडल. गाडी न्यूट्रलला, चाकाला दगड, आणि अंगठा बोटांच्याच बाजूला. मूठ आवळायची नाही, हँडल खालून वर ओढायचं — इंजिन चालू करताना उलटा झटका आला तर मनगट जातं, म्हणून सवय आत्ताच लाव. फिरत नसेल तर जोर नको, आणखी ऑइल आणि आणखी एक रात्र. लांब पाइप जोडून जोर लावणारे शहाणे गल्लीत भेटतील. त्यांना चहा दे, हँडल देऊ नकोस.

6. फिरू लागलं की टॅपेट कव्हर काढ आणि कुणाला तरी सावकाश हँडल फिरवायला सांगून आठही व्हॉल्व्ह वरखाली होतात का बघ — एखादा अडकला असेल तर पुशरॉड वाकतो. हे काम सगळे टाळतात, आणि सगळ्यात महागात तेच पडतं.

7. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढ, कार्ब्युरेटर धू, रबरी नळ्या नव्या घाल — त्या पेट्रोलचा चीक झालेला असतो, आणि हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल जुनं रबर खातं.

8. पॉइंटवरून बारीक पॉलिश पेपर फिरव. अंतर इंचाचे 15 हजारांश, प्लगचं 25 — पॉइंटवर गंज बसला की ठिणगीच पडत नाही, आणि लोक कार्ब्युरेटरला शिव्या देतात.

9. बॅटरी जोडण्याआधी बॉडीला कुठली तार गेली आहे ते बघ — विलायती घडणीच्या जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थिंगही असायचं.

10. आता आईकडून किल्ली आण. प्लग बाहेरच, कॉईलची वायर सोडवलेली. थांबत थांबत स्टार्टर मार, ऑइलचा काटा हलेपर्यंत — ऑइल बेअरिंगपर्यंत पोचलं की मगच प्लग बसवायचे.

11. रेडिएटर भर, शेडचं दार सताड उघड, वाळूची बादली जवळ ठेव, आणि चालू कर. निळा धूर येईल, घाबरू नकोस — तूच ओतलेलं ऑइल जळतंय. रेस मात्र करू नकोस, आणि काटा पडला तर लगेच बंद कर.

12. ब्रेक ऑइल आणि टायर नवे — चालू होणं हौसेचं, थांबणं गरजेचं.

13. पहिले काही दिवस गावातच फिरव, मग ऑइल पुन्हा बदल — सुटलेली घाण त्यात उतरते. मोहनखेड्याला निघशील तेव्हा दोरखंड आणि पाण्याचा कॅन घे, सरदारपूरला थांबून नळ्या गळतात का बघ. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. तोवर समोरच्या टपरीवर पोहे खा.