बंद पडलेल्या संगणकाची नोंदवही

मुंबई उपनगर जिल्ह्यातील बोरिवली तालुक्यात, वर्सोव्याच्या खाडीपलीकडे, मढ हे कोळी समाजाचे जुने गाव आहे. वर्सोव्याहून होडीने खाडी ओलांडली की काही मिनिटांतच येथे पोहोचता येते. खुष्कीच्या मार्गाने यावयाचे तर मालाडहून मार्वे, आक्सा, एरंगळ असा लांबचा वळसा घ्यावा लागतो. गाव महानगरपालिकेच्या हद्दीत असल्याने येथे ग्रामपंचायत नाही. तथापि नौकांची नोंदणी, मासेमारीचे परवाने, सवलतीच्या डिझेलचा हिशेब, शाळेतील पटसंख्येची माहिती ही कामे मढसारख्या गावात आता संगणकावरच होतात आणि राज्यातील कोणत्याही ग्रामपंचायतीच्या ‘आपले सरकार सेवा केंद्रा’ची स्थितीही याहून निराळी नाही.

असा संगणक एखाद्या सकाळी बंद पडला म्हणजे काय होते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. बाहेर माणसे ताटकळत असतात, दुरुस्ती करणारा दूर असतो आणि कोणीतरी सुचवितो की, ‘फॉरमॅट मारा, सगळे ठीक होईल.’ तासा-दोन तासांत यंत्र खरोखरच सुरू होते. मात्र बिघाड का झाला हे सांगू शकणारा एकमेव साक्षीदार, म्हणजे यंत्राने स्वतः ठेवलेली नोंद, त्या तासाभरात पुसली गेलेली असते. आठवड्याने तोच बिघाड पुन्हा उद्भवतो आणि दोष बहुधा संगणक चालकाच्या माथी मारला जातो. ही नोंद कोठे असते, ती कशी वाचावी आणि तिच्यावर कितपत विश्वास ठेवावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ओंडक्यापासून नोंदवहीपर्यंत

संगणकाच्या परिभाषेत या नोंदीला ‘लॉग’ म्हणतात. हा शब्द मूळचा दर्यावरचा आहे. युरोपीय जहाजांवर गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा ओंडका बांधून तो पाण्यात टाकीत आणि ठरावीक वेळात किती गाठी सुटल्या यावरून जहाजाचा वेग मोजीत. हा आकडा ज्या वहीत टिपला जाई ती ‘लॉग बुक’. जहाजाचा वेग आजही गाठींत, म्हणजे ‘नॉट’मध्ये, सांगतात तो यामुळेच.

संगणकाच्या इतिहासातील एक प्रसिद्ध नोंद अशाच कागदी वहीत आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क टू’ हे यंत्र अडले, तेव्हा त्याच्या एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. ग्रेस हॉपर ज्या गटात काम करीत होत्या, त्या गटाने तो पतंग चिकटपट्टीने वहीत लावून शेजारी वेळेसह नोंद केली. ते पान आजही वॉशिंग्टन येथील संग्रहालयात आहे. बिघाडाची वेळ, जागा आणि पुरावा या तिन्ही गोष्टी एका पानावर असणारी इतकी चांगली नोंद आजच्या यंत्रांनाही नेहमी जमते असे नाही.

नोंदीचे मोल मुंबईच्या समुद्राने दुःखद रीतीनेही दाखविले आहे. १ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात वांद्र्यासमोरील समुद्रात कोसळले व त्यातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. प्रथम घातपाताचा संशय होता. विमानातील ध्वनिमुद्रण आणि उड्डाणाची नोंद तपासल्यावर, वैमानिकासमोरील विमानाचा कल दाखविणारे उपकरण बिघडले होते, असे निष्पन्न झाले.

नोंद कोठे सापडते

कार्यालयातील बहुसंख्य संगणक ‘विंडोज’ प्रणालीवर चालतात. त्यात ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची सोय असते. शोधपट्टीत हे नाव लिहिले की ती उघडते. डावीकडील ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ हा भाग पाहावा. तेथे हजारो नोंदी असतात व त्यांत लाल खुणाही पुष्कळ दिसतात. त्या पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही. निरोगी यंत्रातही रोज किरकोळ चुकांच्या नोंदी पडतातच. आपल्याला बिघाडाच्या वेळेच्या आगेमागे काय घडले एवढेच पाहावयाचे असते. ज्यांना हा पसारा नकोसा वाटेल त्यांनी ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडावा. त्यात दिवसवार आलेख असतो आणि बिघाडाच्या दिवशी लाल फुली दिसते. नवशिक्यांनी सुरुवात येथूनच करावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

निळा पडदा (२०२५ पासूनच्या नव्या आवृत्तीत काळा) दाखवून यंत्र बंद पडले असेल, तर त्या क्षणी स्मृतीत काय होते याची प्रत बहुधा ‘विंडोज’ फोल्डरमधील ‘मिनिडम्प’ या उपफोल्डरमध्ये ठेवली जाते. ती साध्या डोळ्यांनी वाचता येत नाही. ‘विनडीबीजी’ हे मोफत साधन लागते. ते काम तंत्रज्ञाचे आहे. पण ती फाईल दुसरीकडे उतरवून ठेवणे हे आपले काम आहे. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने मागील वेळी यंत्र चालू असतानाच्या नोंदी मागविता येतात. मात्र त्या चकतीवर कायम ठेवण्याची व्यवस्था आधी केलेली असली तरच.

क्रमांक ४१ काय सांगतो

प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. यंत्र अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाले की ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद हमखास दिसते आणि अनेकजण तिलाच बिघाडाचे कारण समजतात. वस्तुतः ही नोंद यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर लिहिली जाते. मागच्या वेळी आपण नीट बंद झालो नव्हतो, एवढेच ते यंत्र तीत सांगते. मृत्यूचा दाखला आणि मृत्यूचे कारण यांत जो फरक, तोच येथे आहे.

समजा, एका मच्छीमार संस्थेच्या कार्यालयात सकाळी यंत्र बंद आढळले. ते सुरू केल्यावर ४१ क्रमांकाची नोंद सकाळी ९.१० ची दिसते. शेजारच्या ६००८ क्रमांकाच्या नोंदीत, याआधीचे बंद होणे अनपेक्षित असून ते आदल्या दिवशी सायंकाळी ४.५२ च्या सुमारास घडले, असे लिहिलेले असते. म्हणजे शोध घ्यावयाचा तो ४.५२ च्या आसपासचा, ९.१० चा नव्हे. आता ४१ च्या तपशिलात ‘बगचेक कोड’ पाहावा. तो शून्य असेल आणि १००१ क्रमांकाची नोंदही नसेल, तर प्रणालीला काही लिहून ठेवण्याइतकाही अवधी मिळाला नाही असा त्याचा अर्थ. वीज गेली असेल किंवा यंत्र गोठल्यामुळे कोणी कळ दाबून ते बंद केले असेल. त्याच वेळी शेजारच्या खोलीतील यंत्रही बंद पडले होते काय, हे विचारले की बराच उलगडा होतो. एकच यंत्र वारंवार असे बंद पडत असेल तर त्याचा वीजपुरवठा करणारा भाग, वायर व जोडण्या तपासाव्यात. किनाऱ्यावरील खाऱ्या, दमट हवेत धातूच्या जोडण्या लवकर गंजतात. उलट, कोड शून्य नसेल तर १००१ क्रमांकाच्या नोंदीत तो कोड आणि स्मृतीची प्रत कोठे ठेवली हे दोन्ही मिळते. आणि १०७४ ही नोंद असेल, तर कोणीतरी अथवा एखाद्या कार्यक्रमाने यंत्र रीतसर बंद केले होते. त्यात नावही असते. चालकाला दोष देण्यापूर्वी, किंवा त्याला त्यातून मुक्त करण्यापूर्वी, एवढे पाहणे अवघड नाही.

एका नोंदीकडे मात्र कदापि दुर्लक्ष करू नये. ‘डिस्क’ या उगमाची ७ क्रमांकाची नोंद वारंवार येत असेल, तर चकतीचा काही भाग खराब झालेला आहे. अशा यंत्रावर ‘फॉरमॅट’चा प्रयोग करणे म्हणजे वर्षानुवर्षांचे हिशेब आपल्या हाताने बुडविणे होय. आधी माहितीची प्रत काढावी, मग दुरुस्तीचा विचार करावा.

जगभरचे ८५ लाख संगणक

१९ जुलै २०२४ रोजी मढच्या किनाऱ्यावर पावसाळी मासेमारी बंदीमुळे नौका ओढून ठेवलेल्या होत्या. त्या सकाळी मुंबईसह देशातील अनेक विमानतळांवर काही विमान कंपन्यांचे संगणक निकामी झाले आणि प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घेऊन विमानात चढावे लागले. जगभरात सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे जाळे या आघातातून बचावले.

कारण शोधताना स्मृतीच्या प्रती उपयोगी पडल्या. त्या सर्वांत ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीच्या एकाच घटकाचे नाव येत होते, तेव्हा दोषी कोण हे लवकरच समजले. पण दोष नेमका कोणता, याविषयी अर्धवट वाचनावरून जे निष्कर्ष समाजमाध्यमांवर झळकले, ते पुढे चुकीचे ठरले. कंपनीने ६ ऑगस्ट २०२४ रोजी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, एका तपासणीत २१ रकाने अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात २०च पुरविले जात होते. आधीच्या आवृत्त्यांत एकविसावा रकाना कधी तपासलाच जात नसल्याने ही उणीव महिनोन्महिने झाकलेली राहिली. १९ जुलैच्या नव्या फाईलने तो रकाना वाचण्याचा प्रयत्न केला आणि यंत्र स्मृतीबाहेरच्या जागी जाऊन कोसळले. अपघाताची नोंद यंत्र कोठे पडले ते दाखविते. ते का पडले हे बहुधा कित्येक महिने मागे जाऊन पाहावे लागते.

येथे वेळेविषयी एक सूचना आवश्यक आहे. ही सदोष फाईल ४ वाजून ९ मिनिटांनी प्रसृत झाली, असे त्या अहवालात म्हटले आहे. ती जागतिक प्रमाणवेळ आहे. भारतीय वेळेनुसार सकाळचे ९.३९ वाजले होते. सर्व्हरच्या नोंदी पुष्कळदा जागतिक वेळेत असतात आणि इव्हेंट व्ह्यूअर स्थानिक वेळ दाखवितो. साडेपाच तासांचा हा फरक लक्षात न घेता दोन नोंदी शेजारी ठेवल्या, तर निरपराध माणूस संशयित ठरू शकतो.

एक घटना, दोन वाचने

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई व परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला, उपनगरी गाड्या जागीच थांबल्या. कळवा–पडघा वाहिन्यांतील बिघाड हे तात्काळ सांगितलेले कारण होते. पुढे १ मार्च २०२१ रोजी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन सांगितले की, १४ ‘ट्रोजन’ घातक कार्यक्रम आणि परदेशी सर्व्हरवरून आलेली सुमारे ८ गीगाबाइट माहिती आढळली असून घातपाताची शक्यता दिसते. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ही मानवी चूक होती, सायबर हल्ला नव्हे, असे प्रतिपादन केले. अभ्यासकाने यातून घ्यावयाची गोष्ट तांत्रिक आहे. घातक कार्यक्रम यंत्रात होता, एवढे नोंदीवरून कळू शकते. त्यानेच वीज घालविली असे म्हणावयाचे, तर त्या कार्यक्रमाची हालचाल आणि वाहिनी तुटण्याचा क्षण यांची सेकंदासेकंदाची सांगड दाखवावी लागते.

न वाचलेल्या नोंदी

ब्रिटनच्या टपाल खात्याने १९९९ पासून ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली बसविली. तीत तूट दिसू लागताच शाखा चालविणाऱ्या उप-टपालमास्तरांवर अपहाराचे खटले भरण्यात आले. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जण दोषी ठरले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांचे दिवाळे निघाले. संगणक चुकत नाही, हे न्यायालयांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात प्रणाली बनविणाऱ्या फुजित्सू कंपनीकडे ज्ञात दोषांची स्वतंत्र नोंदवही होती आणि शाखेच्या हिशेबात दुरून फेरफार करणेही तिला शक्य होते. अॅलन बेट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी लढविलेल्या दाव्यात ही नोंदवही पुढे आली आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणाली सदोष असल्याचा निर्णय दिला. दोषसिद्धी सरसकट रद्द करणारा कायदा मे २०२४ मध्ये झाला. तोवर अनेकजण हयात नव्हते. आपल्याकडे डिझेलच्या कोट्यात किंवा करवसुलीत संगणकीय तफावत दिसल्यास चौकशी अधिकाऱ्याने जबाबाबरोबर यंत्राच्या नोंदीही मागवाव्यात, यासाठी याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

जतन कसे करावे

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टिम’वर उजवी कळ दाबून सर्व नोंदी एका फाईलमध्ये जतन करता येतात. ती फाईल व मिनिडम्प दोन्ही पेनड्राइव्हवर घ्यावीत आणि त्यानंतरच यंत्र दुरुस्तीस द्यावे. नोंदींसाठी मूळची जागा साधारण २० मेगाबाइट असते. ती भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात. म्हणून महत्त्वाच्या यंत्रावर ही मर्यादा वाढवून घ्यावी. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे ‘सर्ट-इन’ने, २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांनाही आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे, सायबर घटना सहा तासांत कळविणे आणि यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय प्रमाणवेळेशी जुळती ठेवणे बंधनकारक आहे.

प्रकरण न्यायालयात जाण्यासारखे असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ पाहावे. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यावयाच्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा. दोहोंत फाईलची ‘हॅश’ संख्या लिहावी लागते. फाईलमधील एक अक्षर बदलले तरी ही संख्या बदलते. त्यामुळे प्रत काढली त्याच दिवशी ती काढून, तारीख-वेळेसह दोघांच्या सह्यांनिशी कार्यालयाच्या कागदी नोंदवहीत उतरवावी. पडद्यावर काय दिसत होते, त्या वेळी कोणते काम चालू होते आणि खोलीत कोण होते, हेही त्याच पानावर लिहावे. या तीन गोष्टी कोणत्याही संगणकीय लॉगमध्ये पूर्णपणे मिळत नाहीत.